अतिदक्षता विभागातून रुग्ण बाहेर काढण्याचा रात्रीचा सराव : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

रुग्णालयांतील आगीचा सराव बहुतेक ठिकाणी सकाळी अकराच्या सुमारास, पार्किंगच्या मोकळ्या जागेत होतो. पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवले जाते, कर्मचारी एकेक करून अग्निशामक सिलिंडर चालवून पाहतात, फोटो निघतात आणि हजेरीपत्रकावर सह्या होतात. त्यातून सिलिंडर कसा वापरावा हे कळते. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण पहाटे तीन वाजता, हाताशी चार माणसे असताना, धुरातून दाराबाहेर कसा न्यायचा हे मात्र त्यातून कधीच कळत नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशु विभागाची ९ जानेवारी २०२१ ची आग मध्यरात्रीनंतर लागली आणि तीत दहा बाळे दगावली. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारमधील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगही पहाटेचीच होती. दोन्ही ठिकाणचे रुग्ण स्वतः उठून चालू शकणारे नव्हते. सरावाची वेळ, जागा आणि विषय या दोन गोष्टींवरूनच ठरला पाहिजे.

पुढील क्रम वीस ते साठ खाटांच्या, वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयासाठी मांडला आहे. आग लागूच नये म्हणून करायची वातानुकूलन यंत्रांची देखभाल, मंजूर वीजभाराची तपासणी आणि एक्स्टेन्शन बोर्डांवरील बंदी हा वेगळा विषय आहे आणि तो येथे घेतलेला नाही.

सावधान : महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे सांगते. माणसांना ती यंत्रणा वापरता येते की नाही, याबद्दल त्यात काहीही नसते. फॉर्म बी फाइलमध्ये लागला म्हणून सराव पुढे ढकलू नये.

टप्पा १ : रात्रीची माणसे कागदावर आणा

सुरुवात उपकरणांपासून नव्हे, ड्युटी रजिस्टरपासून करावी. मागील महिन्यातील रात्रपाळीच्या नोंदी काढाव्यात आणि ज्या रात्री सर्वांत कमी माणसे प्रत्यक्ष हजर होती ती रात्र आधार म्हणून घ्यावी. मंजूर पदांचा तक्ता येथे उपयोगाचा नाही.

समजा, विभाग आठ खाटांचा आहे. तीन रुग्ण व्हेंटिलेटरवर, तिघे मास्कने ऑक्सिजन घेणारे आणि दोघे सकाळी वॉर्डात जाण्याइतके सावरलेले आहेत. हजर आहेत दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय, एक मावशी आणि एक आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), ज्याच्याकडे रात्री खालचा अपघात विभागही आहे. व्हेंटिलेटरवरचा एक रुग्ण खाटेसह हलवायचा तर किमान चार माणसे लागतात. डोक्याशी उभा राहून अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) देणारा एक, खाट ओढणारा एक, ढकलणारा एक आणि ऑक्सिजनचा सिलिंडर व इन्फ्युजन पंप (शिरेतून ठरावीक वेगाने औषध देणारे यंत्र) सांभाळत पुढचे दार उघडणारा एक. आरएमओ खाली असेल तर विभागात चौघेच उरतात आणि ते चौघे पहिल्या रुग्णामागे गेले की आत सात रुग्ण असतात, पण कर्मचारी एकही नसतो.

हे गणित एकदा मांडले की पुढचा प्रश्न आपोआप समोर येतो, तो म्हणजे जादा हात कुठून येणार. प्रत्येक वॉर्डातून एक माणूस पाठवता येतो, मात्र त्या वॉर्डात एक सिस्टर मागे राहिलीच पाहिजे. प्रसूतिगृहात किंवा शस्त्रक्रियागृहात काम चालू असेल तर तेथून कोणालाही बोलावू नये. रक्षक (खाली थांबणारा एक सोडून), लिफ्टमन, लॅबचा रात्रपाळीचा तंत्रज्ञ आणि औषध दुकानातील माणूस हे चौघे बहुतेक योजनांमधून सुटून जातात; वास्तविक खाट ढकलण्यासाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही.

या माणसांपर्यंत हाक कशी पोहोचणार, हेही आताच ठरवावे. एकेका वॉर्डला इंटरकॉमवर फोन लावण्यात मोलाची मिनिटे जातात. ध्वनिक्षेपक यंत्रणा असेल तर ‘कोड रेड, तिसरा मजला, आयसीयू’ एवढेच तीन वेळा उच्चारावे. ती नसेल तर हाताने फिरवायचा सायरन किंवा मोठ्या आवाजाची शिट्टीही चालते, फक्त तिचा अर्थ स्वयंपाकघरातील मामांपर्यंत सर्वांना ठाऊक हवा.

तपासा : मदतीची यादी पदांची असावी, नावांची नसावी. नावे लिहिलेली यादी पहिला राजीनामा येईपर्यंतच खरी असते.

टप्पा २ : न्यायचे कुठे, आणि खाट तिथवर जाते का

पहिली मोठी चूक ‘सर्वांना खाली आणा’ या आदेशाची असते. अतिदक्षता विभागातील रुग्णाला जिन्याने उतरवणे हे सर्वांत जास्त वेळ आणि माणसे खाणारे काम आहे, म्हणून ते शेवटचे. आधी आडवे हलवायचे, म्हणजे त्याच मजल्यावर, धूर अडवणाऱ्या दाराच्या पलीकडच्या भागात न्यायचे. ते दार लावले की तेथे श्वास घ्यायला आणि पुढचे ठरवायला उसंत मिळते. तो भागही असुरक्षित झाला तरच उभे हलवायचे, म्हणजे जिन्याने खाली.

अग्निरोधक दार हे सदैव बंद किंवा आपोआप बंद होणारे असले पाहिजे. येण्याजाण्यास सोयीचे म्हणून त्याला पाचर लावून किंवा स्टूल टेकवून उघडे ठेवले असेल, तर पलीकडचा भाग सुरक्षित आहे असे मानू नये. जुन्या इमारतीत असे दार मुळातच नसेल, तर मजल्याचे दोन भाग करणारे दार बसवून घेण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनापुढे ठेवावा आणि तोपर्यंत ज्याला स्वतंत्र जिना आणि उघडणाऱ्या खिडक्या आहेत असा सर्वांत दूरचा वॉर्ड निवडावा.

मार्ग नकाशावर तपासू नये. रिकामी खाट, कठडे वर केलेले, सलाईनचा स्टँड लावलेला, बाजूला सिलिंडर अशी घेऊन प्रत्यक्ष ढकलत न्यावी. अनेक ठिकाणी खाट दारातून जाते पण वळणावर अडते, किंवा दाराचे एकच झडप उघडते आणि दुसऱ्याची कडी वरून गंजलेली असते. वाटेत काय काय आहे तेही लिहावे. सलाईनचे खोके, मोडक्या व्हीलचेअर, रंगाचे डबे, अतिदक्षता विभागाच्या दारातला चपलांचा ढीग, आणि रात्री दहानंतर मार्गिकेत व जिन्यात सतरंज्या टाकून झोपलेले नातेवाईक. यातले शेवटचे दिवसाच्या पाहणीत कधीच दिसत नाही, म्हणून ही पाहणीही रात्रीच करावी. नातेवाईकांना हुसकावून प्रश्न सुटत नाही. त्यांना झोपण्यासाठी दुसरी जागा दिली तरच मार्गिका मोकळी राहते.

मागच्या जिन्याचे दार हा स्वतंत्र मुद्दा आहे. बिल न भरता कोणी निघून जाऊ नये म्हणून त्याला कुलूप असते आणि किल्ली खालच्या रक्षकाकडे असते. हे सर्वांना ठाऊक असूनही कोणी बोलत नाही. आतून दांडा दाबताच उघडणारे आणि उघडल्यावर घंटा वाजवणारे कुलूप बसवले की बिलाची काळजीही मिटते आणि दारही मोकळे राहते. काचेत बंद केलेली किल्ली हा तात्पुरता उपाय झाला.

जिन्याने न्यायची वेळ आलीच तर खाट नेता येत नाही. त्यासाठी गादीखाली कायम अंथरून ठेवायची, पट्टे असलेली बचाव-चादर मिळते. ती नसेल तर दोन जाड चादरी एकावर एक घेऊन चौघांनी चार कोपऱ्यांना धरायचे. उतरताना पाय पुढे, डोके मागे आणि वर.

सावधान : आगीच्या वेळी साधी लिफ्ट वापरायची नाही. फायर लिफ्ट असली तरी तिचा ताबा अग्निशमन दलाकडे असतो.

टप्पा ३ : ऑक्सिजनचा क्रम

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो, आणि दोन्ही टोकांचा होतो. काही ठिकाणी धूर दिसताच कोणीतरी धावत जाऊन ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद करते आणि पाइपलाइनवरचे सगळे रुग्ण एका झटक्यात उघडे पडतात. इतर ठिकाणी तो बंद करणे कोणालाच सुचत नाही आणि रिकाम्या खाटांमागचे फ्लोमीटर (भिंतीवरचे, ऑक्सिजनचा प्रवाह मोजणारे नळ) आगीला ऑक्सिजन पुरवत राहतात. पुरवठा अचानक तुटला की काय होते, ते २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीच्या गळतीनंतर दाब घटल्यावर दिसले. वीसहून अधिक रुग्ण त्यात गेले. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. मास्कच्या, उशीच्या आणि चादरीच्या आसपास तो त्याहून वाढला की एरवी नुसते धुमसणारे कापड भडकून पेटते.

प्रथम विभागाचा स्वतःचा व्हॉल्व्ह शोधावा. तो विभागाच्या बाहेर, मार्गिकेत, भिंतीतल्या काचेच्या पेटीत असायला हवा. त्यावर कोणत्या खाटांचा पुरवठा त्याने बंद होतो हे मराठीत, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे. तळमजल्यावरील मॅनिफोल्ड रूममधला (जिथून सगळ्या इमारतीला ऑक्सिजन जातो ती खोली) मुख्य कॉक कोणत्याही परिस्थितीत विभागातील कर्मचाऱ्याने बंद करू नये, कारण त्यावर शस्त्रक्रियागृह आणि बाकीचे मजले अवलंबून असतात.

क्रम असा ठेवावा.

१. रुग्णाला खाटेजवळच्या छोट्या सिलिंडरवर घ्यायचे आणि मास्कमध्ये किंवा अंबू बॅगच्या पिशवीत प्रवाह येतो आहे हे हाताने व डोळ्याने पाहायचे.

२. लगेच त्या खाटेमागचा भिंतीवरचा फ्लोमीटर पूर्ण बंद करायचा. ही पायरी सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

३. शेवटचा रुग्ण पाइपलाइनवरून सुटल्यावर इनचार्ज सिस्टरने मोठ्याने विचारायचे, ‘पाइपलाइनवर कोणी आहे का?’ आणि प्रत्येक खाटेकडून ‘नाही’ ऐकायचे.

४. त्यानंतरच तिच्या तोंडी आदेशावर, नेमलेल्या एकाच व्यक्तीने व्हॉल्व्ह बंद करायचा आणि वेळ मोठ्याने सांगायची.

आग विभागातच, खाटेला लागून असेल आणि सर्वांना सिलिंडरवर घेण्याइतका वेळ नसेल, तर व्हॉल्व्ह आधी बंद करण्याचा निर्णय हजर डॉक्टरने घ्यायचा आणि डॉक्टर नसेल तर इनचार्ज सिस्टरने. हा अधिकार त्यांना लेखी द्यावा. वरिष्ठांना फोन लावून परवानगी मिळेपर्यंत थांबण्याची सवय येथे जीवघेणी ठरते.

सिलिंडर किती वेळ पुरेल हे प्रत्येक सिस्टरला तोंडपाठ हवे. बी टाइप सिलिंडरची पाण्याची क्षमता, म्हणजे त्यात मावेल तेवढे पाणी, साधारण १० लिटर असते. गेजवर १५० किलो दाब असेल तर त्यात सुमारे १५०० लिटर (१० × १५०) वायू आहे. मिनिटाला १० लिटर प्रवाहाने तो १५० मिनिटे पुरतो. गेज ५० वर आला असेल तर उरतात ५०० लिटर, म्हणजे ५० मिनिटे, आणि त्यातलीही शेवटची काही मिनिटे धरू नयेत. हाय-फ्लो यंत्रावरचा (नाकातून मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजन घेणारा) रुग्ण मिनिटाला ५० ते ६० लिटर घेत असतो, त्यामुळे त्याला छोट्या सिलिंडरवर तसाच ठेवता येत नाही. त्याला पिशवीच्या मास्कवर १५ लिटरवर घ्यावे आणि हा बदल सरावात प्रत्यक्ष करून पाहावा.

तपासा : सिलिंडर उघडण्याची चावी सिलिंडरलाच साखळीने बांधलेली आहे का? काळे अंग आणि पांढरा खांदा हीच ऑक्सिजनच्या सिलिंडरची खूण असून त्याच्या शेजारी दुसऱ्या वायूचा सिलिंडर उभा नाही ना? चावीला किंवा नळीच्या सांध्याला तेल, ग्रीस, सॅनिटायझर लागलेले नाही ना?

टप्पा ४ : रुग्णांचा क्रम आणि खाटेची सुटका

आगीला लागून असलेला रुग्ण सर्वांत आधी, मग तो कोणत्याही अवस्थेत असो. एवढा एक अपवाद सोडला तर क्रम आपल्या वैद्यकीय सवयीच्या उलटा असतो. आधी चालू शकणारे, मग व्हीलचेअरवर बसू शकणारे आणि शेवटी व्हेंटिलेटरवरचे. अनेक डॉक्टरांना हे पटत नाही, कारण एरवी आपण सर्वांत अत्यवस्थ रुग्णाकडे आधी धावतो. परंतु चालणाऱ्या दोघांना मावशी एकटी एका फेरीत बाहेर नेते, खोलीत हालचालीला जागा होते आणि तोपर्यंत इतर मजल्यांवरची माणसे पोहोचलेली असतात. उलट क्रमाने गेलो तर पहिल्या एका रुग्णातच सगळे हात गुंततात.

हा क्रम त्या क्षणी ठरवू नये. रोज रात्री आठच्या हँडओव्हरला प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी याच क्रमाने हिरवी, पिवळी किंवा लाल पट्टी लावावी आणि अवस्था बदलली की बदलावी. वादाला तेथे जागा उरत नाही.

खाट ओढण्यापूर्वी तिला भिंतीशी बांधणाऱ्या सर्व गोष्टी सोडवाव्या लागतात. ऑक्सिजनची नळी, सक्शनची नळी, मॉनिटरच्या वायरी, खाटेच्या मोटरचा प्लग, पंपांचा प्लग आणि चाकांचा ब्रेक. सरावात मॉनिटर खाली पडण्याचे किंवा खाट जागची न हलण्याचे कारण जवळजवळ नेहमी यांपैकीच एक असते. व्हेंटिलेटर मागे ठेवावा, रुग्ण अंबू बॅगवर घ्यावा, आणि घशातील नळी पक्की बांधलेली आहे हे हलवण्याआधी व पोहोचल्यावर, दोन्ही वेळा पाहावे. रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाचा एक पंप बॅटरीवर सोबत जातो. बाकीचे पंप थांबवले तरी चालतात का, हे डॉक्टरने आदल्या संध्याकाळीच फाइलवर लिहिलेले असावे. छातीतील नळीची बाटली छातीच्या पातळीखाली ठेवायची आणि व्हेंटिलेशन चालू असलेल्या रुग्णाची ती नळी चिमटा लावून बंद करायची नाही.

नवजात शिशु विभागात वॉर्मर किंवा इन्क्युबेटर (बाळाला ऊब देणारी यंत्रे) ढकलत बसू नये. बाळ उचलायचे. पुढे मोठे खिसे असलेला बचाव-एप्रन असेल तर एक सिस्टर एकाहून अधिक बाळे नेऊ शकते. नसेल तर छातीशी कापडाने बांधून एका वेळी एक. येथे ओळखपट्टी दोन ठिकाणी, हाताला आणि पायाला, असल्याशिवाय कोणतेही बाळ विभागात ठेवू नये, कारण गडबडीत पट्टी निसटते आणि मग उरलेला गोंधळ आगीपेक्षा जास्त काळ चालतो.

टप्पा ५ : कोण काय करणार

धूर दिसल्यानंतरचा क्रम चार शब्दांत पाठ करून घ्यावा. वाचवा, कळवा, कोंडा, विझवा. आगीजवळच्या माणसाला बाजूला काढा. ओरडून आणि घंटा दाबून कळवा. दार लावून धूर कोंडा. आणि आग लहान असेल, पाठीशी बाहेर पडायचा रस्ता असेल तरच विझवा. प्रत्यक्षात लोक चौथ्यापासून सुरू करतात. सगळे अग्निशामक सिलिंडर घेऊन आत धावतात, दार सताड उघडे राहते आणि मार्गिका धुराने भरते.

अग्निशामक सिलिंडर वापरायचा तर पिन काढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी रोखा, दाबा आणि डावी-उजवीकडे फिरवा. तो काही सेकंदांत रिकामा होतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर विजेच्या पॅनलसाठी उत्तम असला तरी लहान बंद खोलीत रुग्ण असताना तो बेतानेच वापरावा, कारण तो श्वासाची हवाही हटवतो.

भूमिका पाच पुरेत आणि प्रत्येकीचे कार्ड भिंतीवर असावे. आदेश देणारी इनचार्ज सिस्टर, व्हॉल्व्ह व फ्लोमीटर पाहणारी व्यक्ती, रुग्ण हलवणाऱ्या गटाचा म्होरक्या, दुसऱ्या बाजूला रुग्ण उतरवून घेणारी व मोजणारी व्यक्ती, आणि १०१ वर फोन करून खाली उभा राहणारा रक्षक. १०१ वर पूर्ण पत्ता, ओळखीची खूण, कितवा मजला, किती रुग्ण चालू शकत नाहीत आणि ऑक्सिजनची टाकी कोणत्या बाजूला आहे, हे पाच मुद्दे सांगायचे. ते टेलिफोनच्या शेजारी लिहून चिकटवावेत. रक्षकाने फाटक उघडून गल्लीतल्या दुचाकी हटवायच्या आणि दलाच्या लोकांना जिन्यापर्यंत न्यायचे. त्याने वर धावत येऊ नये.

विजेचा मुद्दा वेगळा नोंदवतो, कारण इलेक्ट्रिशियन रात्री क्वचितच असतो. बंद करायची असते ती फक्त त्या विभागाची एमसीबी, म्हणजे त्या भागाची वीज तोडणारी कळ. पॅनलवर कोणती कळ कोणत्या भागाची हे लिहिलेले नसल्यामुळे घाबरलेला माणूस मुख्य स्विच पाडतो आणि शस्त्रक्रियागृहासह सगळी इमारत अंधारात जाते. जनरेटर आपोआप चालू होत असेल तर तो त्याच जळत्या भागाला पुन्हा वीज देणार नाही ना, हे अभियंत्याकडून एकदा नीट तपासून घ्यावे. वातानुकूलनाची मध्यवर्ती हवा धुराच्या सूचनेबरोबर थांबते का, हेही त्याच वेळी पाहावे.

टप्पा ६ : सराव तीन फेऱ्यांत

पूर्ण सराव एकदम घेतला तर काय चुकले तेच कळत नाही. पहिली फेरी टेबलावर घ्यावी. नकाशा, खाटांच्या जागी बिल्ले आणि एकच प्रश्न, ‘पहाटे तीन, पाचव्या खाटेमागे ठिणगी उडाली, आता कोण काय करेल?’ दुसरी फेरी एका खाटेची. एका सिस्टरला रुग्ण म्हणून झोपवावे, तिला खऱ्यासारखे सर्व वायरी व नळ्यांनी जोडावे आणि तीच खाट वेगवेगळ्या गटांनी हलवून पाहावी. तिसरी फेरी पूर्ण विभागाची, रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात आणि रोजच्याच रात्रपाळीबरोबर.

सावधान : खऱ्या अतिदक्षता रुग्णांना सरावासाठी कधीही हलवू नये. पूर्ण फेरी रिकाम्या विभागात किंवा शेजारच्या मोकळ्या वॉर्डात करावी. तीत स्वयंसेवक किंवा माणसाच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या वापराव्यात, आणि खऱ्या रुग्णांसाठी सरावात भाग न घेणारा पूर्ण गट वेगळा नेमावा.

अग्निशमन केंद्राला, नातेवाईकांना आणि शेजारच्या सोसायटीला आधी कळवावे. कर्मचाऱ्यांना तारीख सांगावी की नाही, यावर मतभेद आहेत. माझ्या मते पहिल्या सरावात तारीख सांगावी, दुसऱ्यात फक्त आठवडा. काहीच न सांगता घेतलेला पहिला सराव लोकांना शिकवत नाही, नुसता घाबरवतो. ‘खरा प्रसंग’ हे दोन शब्द कोणीही उच्चारले की सराव तत्क्षणी थांबेल, हे सुरुवातीलाच सर्वांना सांगावे.

निरीक्षक दोनच असावेत आणि त्यांनी मदत करू नये. त्यांच्या हातात घड्याळ आणि वेळांची यादी असावी. सूचना ऐकू येण्याची वेळ, १०१ ला फोन लागण्याची वेळ, विभागाचे दार लागण्याची वेळ, पहिला रुग्ण दाराबाहेर, पहिला जादा माणूस हजर, शेवटचा रुग्ण दाराबाहेर, व्हॉल्व्ह बंद आणि मोजणी पूर्ण. दार किती वाजता लागले हा रकाना बहुतेक पहिल्या सरावात कोराच राहतो.

टप्पा ७ : मोजणी

रुग्ण बाहेर आले म्हणजे काम संपले, असे समजून लोक येथे ढिले पडतात. मोजणी कशाच्या आधारे करणार? रजिस्टर विभागात आहे आणि संगणकही विभागातच. म्हणून रात्री आठच्या आणि बाराच्या गणनेची एक छापील प्रत खाली रक्षकाकडे ठेवावी. तीत खाट क्रमांक, नाव, रंगपट्टी आणि सोबतचा एक नातेवाईक एवढेच असावे. मोजणी नावाने करावी, आकड्याने नाही, कारण एक रुग्ण एक्स-रेसाठी गेलेला असतो, एक नातेवाईक रुग्णाच्या जागी मोजला जातो आणि आकडा बरोबर येऊनही शौचालयात कोणीतरी राहून जाते. शौचालये आणि डॉक्टरांची विश्रांतीची खोली उघडून, आत हाक मारून, दारावर खडूने फुली करून बंद करावी.

उतरवून घेणाऱ्या व्यक्तीने प्रत्येक रुग्ण आल्याबरोबर सिलिंडरचा गेज वाचून चादरीवर मार्करने वेळ आणि आकडा लिहावा. तेथे जादा सिलिंडर, सक्शनचे हातयंत्र आणि औषधांची एक पेटी आधीच ठेवलेली असावी. पुढे दुसऱ्या रुग्णालयात हलवायचे झाल्यास १०८ शी बोलणारी व्यक्तीही तिथलीच. जवळच्या दोन रुग्णालयांशी व्हेंटिलेटरच्या खाटांबाबत लेखी समझोता असावा आणि त्यांच्या रात्रीच्या ड्युटी डॉक्टरचा क्रमांक त्याच पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवावा.

टप्पा ८ : त्याच पाळीत चर्चा

सकाळी लोक घरी जातात आणि दुपारपर्यंत आठवणी सोयीस्कर होतात. म्हणून पाळी संपण्याआधी, चहाबरोबर, अर्ध्या तासात चर्चा व्हावी. बोलण्याची सुरुवात मावशी आणि वॉर्डबॉयपासून करावी. वरिष्ठ आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात आणि कोणते चाक अडते हे ज्याला ठाऊक आहे तोच गप्प बसतो.

अहवालात ‘सराव यशस्वी झाला’ हे वाक्य लिहू नये. लिहायचे ते असे : ‘मागचे दार उघडायला किल्ली सापडली नाही; जबाबदारी देखभाल पर्यवेक्षक; मुदत अमुक तारीख.’ जी पायरी फसली तेवढीच पंधरा दिवसांत, दुसऱ्या पाळीबरोबर पुन्हा घ्यावी. पूर्ण सरावाची वाट पाहू नये.

दोन सरावांच्या मधली दैनंदिन फेरी रात्रपाळीच्या सुपरवायझरने करावी. त्यात मागचे दार प्रत्यक्ष उघडून पाहणे, व्हॉल्व्हच्या पेटीपुढे काही ठेवलेले नाही याची खात्री, खाटेजवळच्या प्रत्येक छोट्या ऑक्सिजन सिलिंडरचा गेज, प्रत्येक लाल पट्टीच्या खाटेशी अंबू बॅग, टॉर्च, आणि मार्गिका एवढेच असावे. नोंदवहीत ‘ठीक’ असा शिक्का न मारता गेजचा आकडा लिहायला लावावा. आकडा लिहिण्यासाठी सिलिंडरपर्यंत जावेच लागते.

पुढील बदल झाल्यास टप्पा १ पासून पुन्हा सुरुवात करावी : खाटा वाढवल्या, विभागाची जागा बदलली, नवीन भिंत किंवा काचेचे पार्टिशन बसवले, रात्रपाळीतील एक जागा कमी केली, किंवा कंत्राटी कर्मचाऱ्यांची संस्था बदलली. शेवटच्या बदलाच्या वेळी नव्या माणसांना कामावर घेतल्याच्या पहिल्याच रात्री व्हॉल्व्ह, मागचे दार आणि पलीकडची जागा चालत नेऊन दाखवावी, आणि ती दाखवल्याची सही ओळखपत्र देण्याआधी घ्यावी.